कोठीच्या खोलीतील अदलाबदल

पांढराशुभ्र तांदूळ, पांढरीशुभ्र साखर आणि पांढरेशुभ्र मीठ ही एके काळी घरच्या सुबत्तेची खूण समजली जात असे. लग्नाच्या पंक्तीत उकड्या तांदळाचा लालसर भात वाढला गेला असता, तर व्याही मंडळी रुसून बसली असती. आज चक्र उलटे फिरले आहे. शिकलेली सून हातसडीचा तांदूळ, काळा गूळ, लाकडी घाण्याचे तेल आणि खडेमीठ अशी यादी घेऊन बाजारात जाते आणि सासूबाई मनात म्हणतात, 'हेच तर आम्ही गरिबीत खात होतो!' ही अदलाबदल काही जिनसांच्या बाबतीत खरोखर हिताची आहे; काहींच्या बाबतीत मात्र ती घरातल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

प्रथम तांदळाचे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर बेरीबेरी या रोगाने सैनिक आणि कैदी हैराण झाले होते. पाय लुळे पडत, हृदय दुर्बल होई. ख्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर तेथे या रोगाचे जंतू शोधीत होता. त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांनाही तसाच रोग जडला आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या! चौकशीअंती उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. कोंबड्यांना लष्करी रुग्णालयातील उरलेला सडीक तांदळाचा भात घातला जात होता. पुढे नवा आचारी आला आणि लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देण्यास त्याने साफ नकार दिला. मग त्यांना साधा, असडीक तांदूळ मिळू लागला आणि त्या सावरल्या. जे औषध शोधले जात होते, ते तांदळाबरोबर सडून कोंड्यात टाकले जात होते. त्यालाच पुढे ब-१ जीवनसत्त्व हे नाव मिळाले आणि आइकमानला १९२९ साली नोबेल पारितोषिक लाभले.

गोव्यातील आणि कोकणातील शेतकऱ्याच्या घरी भात आधी उकडून, वाळवून मग सडण्याची रीत होती. उकडताना कोंड्यातील ब-१ चा काही अंश दाण्यात मुरतो व सडल्यावरही टिकतो. सकाळची न्याहारी शेतात पोचेपर्यंत उकड्या तांदळाची पेज, सोबत तोराचे लोणचे किंवा सुके मासे, एवढ्यावर नांगर चाले. त्या पेजेला गरिबाचे अन्न म्हणून नाक मुरडणारे आपलेच नुकसान करून घेत होते. हातसडीचा तांदूळ घेणाऱ्या गृहिणीने मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कोंड्यात तेल असल्याने तो लवकर खवट होतो, तेव्हा वर्षाची बेगमी न करता महिन्यापुरताच आणावा. आणि चार-चार पाण्यांनी धुऊन, पेज ओतून देऊन त्यातील सत्त्व मोरीत सोडू नये.

गुळाची कथा निराळी. नाताळात गोव्यातील घरोघरी शिजणारा दोदोल माडाच्या गुळावाचून काळाभोर होत नाही आणि साखरेच्या दोदोलाला तो खमंगपणा नाही, हे कोणीही मान्य करील. पिवळाधमक गूळ पुष्कळदा रसायनांनी उजळलेला असतो. म्हणून गडद रंगाचा निवडावा, हेही योग्य. परंतु 'गूळ नैसर्गिक, तो मधुमेह्याला चालतो' हा समज घराघरांत शिरला आहे, तो घातक होय. गुळात थोडी खनिजे असली, तरी त्याचा फार मोठा भाग साखरच असतो. साखर सोडली म्हणून वडिलांचे कौतुक करायचे आणि चहात गुळाचे दोन खडे टाकून द्यायचे, हे प्रेम नव्हे.

वनस्पती तुपाबद्दल फार बोलणे नलगे. तेलात हायड्रोजन मिसळून ते थिजवताना जी ट्रान्स जातीची चरबी तयार होते, ती हृदयास अपायकारक आहे. म्हणून भारतात जानेवारी २०२२ पासून तिची मर्यादा तेल-तुपात दोन टक्क्यांवर आणली गेली. त्याऐवजी घाण्याचे शेंगदाण्याचे, तिळाचे वा खोबऱ्याचे तेल वापरणे उत्तम. मात्र घाण्यावर गाळण्यापूर्वी शेंगदाणे स्वतः पाहावेत. बुरशी लागलेल्या दाण्यांतील विष कच्च्या तेलात उतरते. तेलाचा वास कितीही खमंग असो, घाणेवाला दाणे दाखवीत नसेल तर दुसरा घाणेवाला शोधावा.

सर्वांत अवघड प्रश्न मिठाचा. पेडणे तालुक्यातील आगरवाड्यासारख्या ठिकाणी अजूनही मिठागरे आहेत आणि ती टिकावीत असे कोणाला वाटणार नाही? पण समुद्राचे मीठ म्हणजे आयोडीनचा साठा, ही समजूत खोटी आहे. वाळताना त्यात आयोडीन जवळजवळ उरतच नाही. सैंधवाचीही तीच गत. मोठ्या माणसाला रोज सुमारे दीडशे मायक्रोग्रॅम, म्हणजे चिमटीतही न येणारे, आयोडीन लागते; पण तेवढेही न मिळाल्यास गळ्याला गलगंड होतो, आणि गर्भवतीला ते कमी पडले तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. याच कारणासाठी आपल्याकडे आयोडीनविरहित मिठाच्या खाद्यविक्रीवर २००६ साली पुन्हा बंदी आली. म्हणून कैरीच्या लोणच्याला आणि मासे खारवायला मिठागरातील खडेमीठ खुशाल आणावे. रोजच्या आमटी-भाजीला मात्र आयोडीनयुक्त मीठच घ्यावे, त्याची बरणी घट्ट झाकणाची असावी आणि ती चुलीपासून दूर ठेवावी. आमटीत मीठ घालायचे ते शेवटी, भांडे उतरवताना.