रंग आणि आडनाव



या गावाचे नाव मिरजोळे. पण आम्ही आलो ते मिरजोळ्याला. ‘मिरजोळेला आलो’ म्हटले असते तर आपल्याला हसू आले असते. शेवटच्या ‘ए’चा असा ‘या’ होणे हा मराठीचा साधा नियम आहे. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत तर ‘फडके–फडक्यांना’ असे आडनावाचेच उदाहरण दिलेले आहे. त्या न्यायाने काळे–काळ्यांना, गोरे–गोऱ्यांना व्हावयास हवे. तरी आज सर्रास कानी पडते ते ‘काळेंना’ आणि ‘गोरेंना’.

असे का व्हावे? ‘गोखलेंना’ म्हणणारेही पुष्कळ आहेत. नाव बदलले की मान कमी होतो, असे त्यांना वाटते. पण ‘काळ्यांना’ म्हणताना जीभ अडखळते याला, आमच्या मते, आणखी एक कारण आहे. तेथे आडनावाआडून रंग डोकावतो.

वास्तविक भाषेने दोहोंची सोय निरनिराळी लावून ठेवली आहे. रंगाचा शब्द नामाप्रमाणे बदलतो: काळा घोडा, काळी माती, काळे आभाळ. आडनावाचे तसे नाही. बाप काळे, आई काळे आणि लेकही काळेच. मो. रा. काळे यांनी १८९४ साली संस्कृतचे मोठे व्याकरण लिहिले. हिंदळ्यात १९०७ साली जन्मलेले नानासाहेब गोरे १९५७ साली पुण्यातून लोकसभेवर गेले. या दोघांचा वर्ण कोणता, हे विचारावे असे आपल्या मनातही येत नाही.

मग हा शहाणपणा लग्नाच्या बैठकीत कोठे जातो? काळ्यांना सून हवी ती गोरी. आणि माप ओलांडून घरात आली की तीही काळेच! पंढरीच्या सावळ्यापुढे हात जोडणारे आपण, सावळी मुलगी पाहिली की ‘पत्रिका जुळत नाही’ असे कळवतो.

‘काळे’ हे आडनाव माणसे पिढ्यान्‌पिढ्या ताठ मानेने लावीत आली आहेत. त्याच घरातल्या मुलीला कोणी ‘काळी’ म्हटले, की तिची मान खाली जाते. एका मात्रेचा काय तो फरक! शब्द बिचारा निरपराध आहे. त्याला विष लागते ते आपल्या जिभेचे.

तेव्हा काळ्यांना खुशाल ‘काळ्यांना’ म्हणा, त्यांचा मान रतीभरही कमी होणार नाही. आणि घरातल्या लेकीला मात्र तिच्या नावाने हाक मारा.