आजोबांचा पाईप
(रौप्यमहोत्सवी वर्षातील 'माझा छंद' या कार्यक्रमात केलेले भाषण)



माझा छंद ऐकून काही जण हसतील. मी तंबाखूला शिवत नाही, पण तंबाखूचे जुने पाईप घरी दुरुस्त करतो.

आपल्या कळंबची जुनी माणसं ओढायची ती मातीची चिलीम. आत खडा, खाली ओल्या फडक्याची छापी. फुटली की नवी आणायची, दुरुस्ती कसली? लाकडी पाईप मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. आमचे आजोबा मुंबईला गोदीत होते. त्यांचा पाईप माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला आणि मला हा नाद लागला.

चांगला पाईप ब्रायरचा. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी गाठ येते, तिचं हे लाकूड. उष्णता चांगली सोसतं. वाटीत काजळीचा कडक थर साचतो. तो बोथट चाकूने हळूहळू खरवडायचा, लाकडाला धक्का लावायचा नाही. मग वाटीत जाडं मीठ भरून त्यावर स्पिरिटचे थेंब सोडायचे आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी मीठ तपकिरी होतं, जुना वास बराच जातो. स्पिरिट बाहेरच्या पॉलिशला लागू देऊ नका, आणि हे काम गॅसजवळ तर मुळीच करू नका.

काळी दांडी गंधक घातलेल्या कडक रबराची असते. उन्हाने ती हिरवट-पिवळी पडते. 600, 1000, 2000 नंबरचा वॉटर पेपर ओला करून क्रमाने घासायची, शेवटी मेण लावायचं.

आईला हे पसंत नव्हतं. "याच धुरानं मामंजींना नेलं. टाकून दे ते," म्हणाली. तिचं खरंच होतं. शेवटची दोन वर्षं आजोबांना चार पायऱ्या चढवत नव्हत्या.

दांडी घासताना टोकाला दातांच्या खुणा दिसल्या. गरम केलं की रबर फुगून असे खड्डे भरून येतात. मी ते तसेच ठेवले. आईने त्यावरून बोट फिरवलं. "डावीकडेच धरायचे," एवढंच बोलली.

आता पाईप आजोबांच्या फोटोखाली आहे. आईची अट एकच : नातवंडांनी विचारलं, तर आजोबा कशानं गेले तेही सांगायचं. मी सांगतो.

तेव्हा मंडळी, भंगारवाल्याला हाक मारण्याआधी माळा एकदा बघून घ्या. आणि तरुणांनो, पाईप शोकेसमध्येच शोभतो, तोंडात नाही.