एक मूल, अनेक वह्या

दसरा-दिवाळी सरली कीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांचीं कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. अशा एका कुटुंबांतील तेरा महिन्यांचें मूल घेऊन त्याची आई कारखान्याजवळच्या गांवीं एका खाजगी डॉक्टरांकडे आली आहे, अशी कल्पना करावी. मुलाला ताप आहे, अंगावर पुरळ आहे, वजन आठ किलो भरतें. डॉक्टर विचारतात, "मागल्या महिन्यांत वजन किती होतें? गोवराची लस टोंचली होती काय?" आई उत्तर देते, "दोन-तीनदा टोचलंय, पर कशाचं ते ठावं न्हाई. समदं गावाकडं नर्सबाईच्या वहीत हाय."

या उत्तराबद्दल आईस अडाणी म्हणण्याचें कारण नाहीं. नोंदी खरोखरच गांवीं आहेत, आणि त्याही एका वहींत नाहींत. जन्माची नोंद ग्रामपंचायतींत, लशींची उपकेंद्रांतील आरोग्यसेविकेकडे, वजनाची १९७५ सालीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या अंगणवाडींत. आणि २०१३ सालच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें पथक तपासून गेलें असल्यास त्याची नोंद आणखी निराळी. खाजगी डॉक्टरांची चिठ्ठी तर यांपैकीं कोणत्याही वहींत चढत नाहीं. प्रत्येक वही आपल्या जागीं नेटकी असेल; परंतु त्यांना एकत्र ओंवणारा दोरा नाहीं.

याचें फळ वैद्यक व सार्वजनिक आरोग्य या दोहोंसही भोगावें लागतें. आठ किलो या एकट्या आकड्यावरून पुरतें कांहींच कळत नाहीं. मागल्या महिन्यांत साडेसात किलो असेल तर मूल वाढत आहे. साडेआठ असेल तर तें खंगत आहे, आणि केवळ ताप उतरवून डॉक्टरांचें काम संपत नाहीं. उलटपक्षीं, तें पुरळ गोवराचें असेल तर आरोग्यखात्यास तें त्याच दिवशीं कळलें पाहिजे. गोवर-रुबेला लशीची पहिली मात्रा नऊ महिने पुरे झाल्यावर व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. आसपासच्या झोपड्यांत ती कोणाची चुकली, हें साथ पसरण्यापूर्वीं शोधावें लागतें. २०२२ सालच्या अखेरीस मुंबईंत, विशेषतः गोवंडीच्या दाट वस्तींत, गोवर पसरून मुलें दगावलीं. तेव्हां लस न मिळालेलीं मुलें घरोघर फिरून हुडकावीं लागलीं.

नोंद मुलाबरोबर फिरावी, हा विचार नवा नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत नायजेरियांतील इमेसी या खेड्यांत काम करणाऱ्या डेव्हिड मॉर्ले या इंग्रज डॉक्टरांनीं वजनाचा आलेख आईच्या हातीं दिला. भारतांत २०१० सालीं आरोग्य आणि महिला व बालविकास या दोन खात्यांनीं मिळून काढलेलें माता-बाल संरक्षण कार्ड त्याच जातीचें आहे. लशी व वजन त्यांत एकत्र येतात. आतां लशींसाठीं यू-विन व अंगणवाडीसाठीं पोषण ट्रॅकर अशा संगणकीय व्यवस्था झाल्या आहेत. परंतु कागदाची वही यंत्रांत गेल्यानें ती दुसऱ्या वहीशीं आपोआप जुळत नाहीं. जन्मापासून एकच ओळख-क्रमांक, आणि सरकारी व खाजगी दोन्ही डॉक्टरांस त्या नोंदींत वाचण्याची व लिहिण्याची सोय, एवढें झालें पाहिजे. त्याबरोबरच, मुलाची माहिती आईच्या संमतीनें व उपचारास लागेल तेवढ्यांनाच दिसावी. तिचा बोभाटा होऊं नये.

हें सर्व घडेपर्यंत एक गोष्ट बिनखर्चाची आहे. गाड्या निघण्यापूर्वीं अंगणवाडीच्या ताईंनीं कार्ड पुरें भरून आईजवळ द्यावें, आणि परगांवच्या डॉक्टरांनीं नाडी पाहण्याआधीं तें मागून घ्यावें व परत देतांना त्यावर आपली एक ओळ लिहावी. बिऱ्हाडाच्या बोचक्यांत भांडींकुंडीं जपून नेणारी माउली तेंही जपून नेईल, यांत संशय नाहीं.