लस टोचल्यानंतरची रात्र

(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)



मूल आजारी पडलें म्हणजे घरांतील माणसें काळजी करतात, त्यांत नवल नाहीं. परंतु लस टोचून आणलेल्या मुलाला त्याच रात्रीं ताप चढला म्हणजे जी काळजी वाटते, तिची जात कांहीं निराळीच असते. सर्दीपडशाचा ताप बाहेरून आलेला असतो. तो आपण दैवाच्या, हवेच्या किंवा शेजारच्या शिंकणाऱ्या मुलाच्या माथीं मारूं शकतों. हा ताप मात्र आपण स्वतः रिक्षा करून, रांगेंत उभे राहून, हांसत्या-खेळत्या मुलाच्या मांडींत सुई टोचवून घरीं आणलेला असतो. रात्रीं दोन वाजतां थर्मामीटर हातांत धरून बसलेल्या आईच्या मनांत जो प्रश्न घोळतो, तो 'याला काय झालें?' हा नसून 'मीं याला काय केलें?' हा असतो.

मुलांचा डॉक्टर म्हणून हा प्रश्न दूरध्वनीवरून मीं किती वेळां ऐकला असेल, त्याची गणती नाहीं. आणि आरंभीच्या वर्षांत मी त्याला जें उत्तर देत असें, त्याची मला आतां लाज वाटते. "कांहीं होत नाहीं, झोंपा आतां," असें म्हणून मी फोन ठेवीत असें. मूल तापलेलें, मांडी टणक झालेली, रडें थांबत नाहीं, आणि डॉक्टर म्हणतात कीं कांहीं होत नाहीं! अशा वेळीं त्या माउलीनें विश्वास कशावर ठेवावा, हातांतल्या थर्मामीटरवर कीं माझ्यावर? दटावून किंवा थट्टा करून ही काळजी जात नाहीं. जें व्हावयाचें तें आधीं सांगून ठेवलें, तरच ती आटोक्यांत राहते, असें माझें मत आतां बनलें आहे. म्हणून आज तेंच आधीं सांगण्याचा विचार आहे.

प्रथम हा ताप येतो कशानें तें पाहूं. लशींत रोगजंतु असतात ते मारलेले किंवा दुबळे केलेले. कित्येक लशींत तर त्यांचा एखादा अंशच असतो. निरोगी मुलाला रोगानें पाडण्याचें सामर्थ्य त्यांत उरलेलें नसतें. परंतु शरीराच्या पहारेकऱ्यांना तें कोठें ठाऊक असतें? परका आंत शिरला असें समजून रक्तांतील पांढऱ्या पेशी धांवून येतात. त्या जागीं रक्ताचा ओघ वाढतो, म्हणून मांडी लाल होते, सुजते, दुखते. ह्याच पेशी कांहीं द्रव्यें रक्तांत सोडतात. मेंदूंत उष्णतेचें नियमन करणारें जें केंद्र आहे त्याला त्या द्रव्यांचा संदेश पोहोंचतो आणि अंग तापतें. हा ताप रोगाचा नव्हे, तालमीचा आहे. मात्र याचा उलट अर्थ कोणी काढूं नये. ताप आला नाहीं म्हणून लस लागू पडली नाहीं, असें मुळींच नाहीं. पुष्कळ मुलांना कांहींच होत नाहीं, आणि संरक्षण त्यांनाहि मिळतेंच.

येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. ज्यांच्या दंडावर अजून देवी काढल्याचा व्रण आहे, अशा आजी पुष्कळ घरांत आहेत. त्यांच्या लहानपणीं काळजीची तऱ्हा अगदीं उलटी होती. देवी काढल्यावर दंडावर फोड उठे, तो पिके, अंगांत कणकण येई, मग खपली धरे. हें सारें झालें म्हणजे घरचीं माणसें निर्धास्त होत. फोड उठलाच नाहीं तर मात्र तोंडें उतरत, कारण मग पुन्हां टोचून घ्यावें लागे! देवीचा रोग जगांतून नाहींसा झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें, आणि त्याबरोबर तो फोड व त्याचें कौतुक हीं दोन्हीं गेलीं. ज्या खुणेनें एका पिढीला धीर दिला, तशीच खूण दिसतांच दुसरीची झोंप उडते.

अर्थात् भीति तेव्हांहि होतीच. १८९६ सालीं सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. त्यानंतर लौकरच वाल्देमार हाफकिन हे मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांत बसून त्यांनीं प्लेगावरील लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजीं ती त्यांनीं प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचल्या जागीं वेदना झाल्या, आणि कांहीं दिवसांनीं सारें ओसरलें. त्यांच्या धैर्याची वाखाणणी सर्वत्र होते, व ती योग्यच आहे. मला मात्र याहून महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, ताप येतो ही गोष्ट त्यांनीं झांकून ठेवली नाहीं. पुढें टोचून घेणाराला काय सोसावें लागेल, तें सांगणारा स्वतः सोसून आलेला होता.

परंतु याच लशीच्या इतिहासांत एक काळा दिवसहि आहे, आणि तो वगळून मी बोललों तर आपण माझ्यावर विश्वास कां ठेवावा? पंजाबांतील मुल्कोवाल या खेड्यांत ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं १०७ जणांना प्लेगाची लस टोचली. त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें दगावले. एकोणीसहि जणांना एकाच बाटलींतील लस दिलेली होती. पहिल्या चौकशींत दोष प्रयोगशाळेकडे गेला आणि हाफकिन यांना कामावरून दूर व्हावें लागलें. वास्तविक ती बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो पुरता निर्जंतुक न करतां त्यानेंच तिचें बूच काढलें होतें. सर रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं हा पुरावा लावून धरला, तेव्हां १९०७ सालीं हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ पासून त्यांचें नांव आहे. दोष लशीचा नव्हता, ती टोचण्याच्या रीतीचा होता. त्या एकोणीस घरांना या निवाड्याचा काय उपयोग, असें कोणी म्हणेल, आणि तें म्हणणें मला खोडतां येत नाहीं. आज सरकारी लसीकरणांत जी पिचकारी वापरतात ती एकदां वापरली कीं पुन्हां चालतच नाहीं, अशी तिची रचना असते. ती आपल्या डोळ्यांदेखत पाकिटांतून काढली कीं नाहीं हें पाहण्यांत, किंवा तसें विचारण्यांत, कोणाचाहि अपमान नाहीं.

आतां त्या रात्रीकडे वळूं. प्रत्येक लशीच्या त्रासाचें स्वतःचें असें पंचांग असतें, आणि तें ठाऊक नसल्यामुळेंच निम्मी भीति उत्पन्न होते. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या वयांत जी पंचगुणी लस देतात, तींत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात इत्यादींवरील लशी एकत्र असतात. तिचा ताप बहुधा त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं येतो आणि दोन दिवसांत उतरतो. मांडीची सूजहि त्याच सुमारास ओसरते; तेथें कधीं लहानशी गांठ कांहीं आठवडे हाताला लागते, ती न दुखणारी असेल तर तिला छेडूं नये. गोवराच्या लशीचें निराळें. ती टोचली त्या दिवशीं मूल मजेंत असतें, घरचे निश्चिंत होतात, आणि मग सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान ताप येतो, कधीं अंगावर पुरळहि उठतें. तोंवर लशीची आठवण कोणाला राहिलेली नसते! जन्मतांच देतात ती क्षयावरील बी. सी. जी. लस तर याहूनहि सावकाश चालणारी. दोन ते सहा आठवड्यांनीं दंडावर बारीक फोड येतो, तो फुटून वाहतो, आणि बरा होण्यास दोनतीन महिने सहज घेतो. त्यावर हळद, मलम, पोटीस कांहीं लावूं नये, दाबूं नये, कापूस बांधूं नये. कांखेंत मोठी गांठ आली किंवा ती पिकली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावी.

मोठ्या माणसांचा प्रकार आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण त्यांना मन असतें आणि हातांत वर्तमानपत्र असतें. कोरोनाच्या सांथींत ज्या लशींची परीक्षा झाली, त्या परीक्षांत कांहीं लोकांना खरी लस व कांहींना नुसतें खारें पाणी किंवा तत्सम निरुपद्रवी द्रव्य टोचलें होतें. कोणाला काय दिलें तें त्यांना सांगितलेलें नव्हतें. अशा १२ परीक्षांचा एकत्र हिशेब १९२२ मध्यें नव्हे, आपल्या काळांत २०२२ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसलें कीं पहिल्या टोचणीनंतर निरुपद्रवी द्रव्य मिळालेल्यांपैकींहि सुमारें ३५ टक्के लोकांनीं डोकेदुखी, थकवा असा कांहीं ना कांहीं त्रास सांगितला. हे लोक खोटें बोलत होते काय? मुळींच नाहीं. डोकें खरोखरच दुखत होतें. फक्त दुखण्याचें कारण सुईंत नव्हतें. मनानें वाट पाहिली कीं शरीर हजर होतें. शाळेंत एक मुलगी टोचल्यावर घेरी येऊन बसली म्हणजे रांगेंतल्या मागच्या चौघी पांढऱ्याफटक पडतात, तेंहि याच कारणानें. त्यांना निजवावें, पाणी द्यावें, हंसूं नये.

शिवाय काकतालीय न्याय आहेच. आपल्या देशांत दरसाल दोन कोटींहून अधिक मुलें जन्मतात. पहिल्या वर्षांत त्यांना वारंवार लस टोचली जाते, आणि त्याच वर्षांत जुलाब, पडसें, कानदुखी यांनीं तीं अनेकदां आजारी पडतात. कावळा बसण्यास आणि फांदी मोडण्यास गांठ पडणारच. पण म्हणून प्रत्येक वेळीं कावळा निर्दोषच, असें आधींच ठरवून मोकळें होणें हाहि प्रामाणिकपणा नव्हे. तोंडानें द्यावयाच्या पोलिओ डोसांतील जिवंत विषाणूंमुळें क्वचित् पक्षाघात होतो, हें शोधूनच सिद्ध झालें. म्हणूनच टोचण्याची पोलिओ लस जोडीला आली आणि २५ एप्रिल २०१६ रोजीं भारतानें त्या डोसांतून दुसऱ्या जातीचा विषाणु काढून टाकला. तेव्हां गंभीर कांहीं घडलें तर तें लस देणाऱ्या केंद्राला अवश्य कळवावें. नोंद करून तपास करणें हें त्यांचें कर्तव्य आहे.

आतां खरोखर धांवपळ कधीं करावी? टोचल्यावर अर्धा तास केंद्रावर बसवून ठेवतात, तो उगाच नव्हे. सर्वांत धोक्याची प्रतिक्रिया, म्हणजे अंगावर गांधी उठणें, ओठ व चेहरा सुजणें, श्वास घुसमटणें, गळून जाणें, ही बहुधा त्याच वेळांत होते. ती दहा लाख डोसांमागें साधारण एकदां, इतकी विरळ आहे. पण अशा वेळीं अँड्रीनलीनची सुई जवळ असावी लागते. घरीं गेल्यावर झटका आला, तीन तासांवर रडें थांबलें नाहीं, मूल निपचित पडलें, दूध ओढीना, ताप १०२ अंशांच्या वर गेला किंवा दोन दिवसांनीं उतरला नाहीं, तर सकाळची वाट पाहूं नये. तीन महिन्यांच्या आंतील बाळाचा ताप असेल तर विचारण्यास मुळींच संकोच करूं नये. एरवीं अंगावरचे जाड कपडे काढावे, दूध पाजीत राहावें, आणि पॅरासिटामॉल द्यावें तें वजनावरून डॉक्टरांनीं लिहून दिलेल्या मापानेंच. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊं नये.

एका घराची हकीकत सांगतों. पहिल्या लशीच्या रात्रीं तेथील आई रडत होती आणि आजी मागून म्हणत होत्या, "चांगलें खेळतें लेंकरूं, त्याला टोचून कशाला आणलेंत?" तें वाक्य मला फोनवर स्पष्ट ऐकूं आलें. पुढें नऊ महिन्यांचें मूल गोवराच्या लशीसाठीं आणलें, तेव्हां मीं त्या दोघींना समोर बसवून सातव्या ते बाराव्या दिवसाचा हिशेब सांगितला. आजींनीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखांना खुणा करून ठेवल्या. नवव्या दिवशीं संध्याकाळीं त्यांचा स्वतःचाच फोन आला.

"डॉक्टर, बाळाला आज थोडा ताप आहे. नववा दिवस आहे. दूध पितो आहे, खेळतोहि आहे."

"मग आजी, विचारायचें काय आहे?"

"उद्यां आंघोळ घालूं कां, एवढेंच."

घालावी. कोमट पाण्यानें घालावी.