श्लोकाचा चौथा चरण



परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास निघतात. एक साईबाबांच्या जन्मस्थानाची. दुसरी, अहमदनगरच्या निजामशहाचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, ही. तिसरी गोष्ट सहसा कुणी काढत नाही. शके १४२५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५०३ च्या सुमारास, याच गावात ज्ञानराज नावाच्या पंडिताने ‘सिद्धान्तसुंदर’ हा ज्योतिषगणितावरचा संस्कृत ग्रंथ रचला. ग्रंथात गावाचं नाव येतं ते पार्थपूर. ज्ञानराजाचे मुलगे चिंतामणी आणि सूर्यदास. चिंतामणीने वडिलांच्या ग्रंथावर टीका लिहिली. सूर्यदासाने १५३८ साली भास्कराचार्यांच्या बीजगणितावर आणि १५४१ साली लीलावतीवर भाष्य केलं, गीतेवरही लिहिलं. शिवाय त्याने एक अचाट काव्य रचलं. ते सरळ वाचलं की रामाची कथा आणि उलट वाचलं की कृष्णाची! आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा पाथरीसाठी वऱ्हाडची इमादशाही आणि नगरची निजामशाही एकमेकींशी लढत होत्या.

आज मला बोलायचंय ते तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाबद्दल, आणि तोही मूळ ग्रंथांतून करायच्या अभ्यासाबद्दल. मग हा ज्योतिषी मध्येच कुठून आला, असं तुम्ही म्हणाल. कारण असं की सोळाव्या-सतराव्या शतकात ‘आपल्याला काय कळतं, आणि ते कुणाच्या भरवशावर खरं मानायचं’ हा वाद युरोपात काय आणि गोदाकाठी काय, आकाशावरूनच पेटला होता.

आपल्याकडचा पेच असा होता. पुराणांची पृथ्वी सपाट, मध्ये मेरू पर्वत, भोवती द्वीपं आणि समुद्र, विस्तार पन्नास कोटी योजनं. सिद्धान्तग्रंथांतली, म्हणजे गणिती ज्योतिषाच्या ग्रंथांतली, पृथ्वी गोल, आणि तिचा परीघ भास्कराचार्यांच्या हिशेबाने ४९६७ योजनं. पुराणं ऋषींची, म्हणून ती खोटी म्हणायची सोय नाही. गणित ग्रहणाची वेळ बरोबर सांगतं, म्हणून तेही खोटं म्हणता येत नाही. भास्कराचार्य या पेचातून सरळ निघून गेले होते. ज्ञानराज मात्र थांबला आणि दोन्ही बाजू जुळवायला बसला. युरोपात पुढे शंभरेक वर्षांनी, १६१५ मध्ये, गॅलिलिओला राजमाता क्रिस्टिनाला लांबलचक पत्र लिहून बायबल आणि खगोल यांचा मेळ कसा घालायचा ते सांगावं लागलं. उत्तरं अगदी वेगळी, पण पेच तोच.

आता इतिहासाच्या पुस्तकात ज्ञानराजाला फार तर एक ओळ मिळते. भास्कराचार्यांसारख्या बुद्धिमंताला सोडून हा पुराणांकडे वळला, असा तिचा सूर. एका ओळीत त्याचा निकाल लागतो. मूळ ग्रंथ उघडला की निकाल लागत नाही, खटला सुरू होतो.

पृथ्वी कशाच्या आधारावर राहते, हाही याच पेचातला एक वाद. त्यातलं भास्कराचार्यांचं म्हणणं आधी घेऊ. पृथ्वीला खाली कुणाचा तरी आधार आहे असं म्हटलं, तर त्या आधाराला दुसरा आधार हवा, त्याला तिसरा, आणि हे कुठे संपायचं नाही. याला शास्त्रात अनवस्था म्हणतात. शेवटी कुठे तरी ‘हा स्वतःच्याच शक्तीने राहतो’ असं म्हणावं लागणारच असेल, तर ते पृथ्वीबद्दलच का म्हणू नये? युक्तिवाद बिनतोड वाटतो. वर्गात मुलं इथे हमखास माना डोलावतात.

ज्ञानराज यावर काय करतो? ‘पुराणात लिहिलंय, गप्प बसा’ असं तो म्हणत नाही. तो दृष्टांत देतो. गिधाड घ्या, म्हणतो. एवढीशी त्याची ताकद, पण चोचीत साप धरून ते प्रहरभर आकाशात राहू शकतं. मग ज्याच्या शक्तीचा अंदाजच करता येत नाही, त्या कूर्मरूप देवाने कल्पभर पृथ्वी आकाशात धरून ठेवली, तर त्यात अशक्य काय?

हा दृष्टांत तुम्हाला पटतो का? मला पटत नाही. गिधाडाला हवेचा आधार असतो, पंख पसरावे लागतात. कासवाखाली काय आहे? पण दोन-तीनदा वाचल्यावर ज्ञानराजाचा डाव माझ्या लक्षात आला. तो भास्कराचार्यांना म्हणतोय की शेवटी तुम्हीही न उलगडलेल्या एका शक्तीशीच येऊन थांबलात. तुम्ही ती पृथ्वीच्या पदरात घातलीत, मी देवाच्या घालतो. माझ्या शक्तीला निदान रोज डोळ्यांनी दिसणारा दाखला आहे. आता बोला! उत्तर चुकीचं असेल, पण ते प्रमाण आणि दृष्टांत यांच्या मैदानात उतरून दिलेलं आहे. माणूस चुकीच्या निष्कर्षाला किती हुशारीने पोचू शकतो, हे सारांशातून कळत नाही. आणि तत्त्वज्ञान शिकायचं म्हणजे तेच तर शिकायचं असतं.

उलट्या बाजूचा आळसही आपल्याकडे भरपूर आहे. भास्कराचार्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी गुरुत्वाकर्षण सांगितलं, असा मजकूर तुमच्याही मोबाईलवर आला असेल. तो मजकूर ज्या श्लोकावर उभा आहे तो खरा आहे. पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे, आकाशातली जड वस्तू ती स्वतःकडे ओढते आणि ती वस्तू पडते असं आपल्याला वाटतं, इथवर तीन चरण. चौथा चरण सहसा कुणी पाठवत नाही. त्यात भास्कराचार्य विचारतात, सगळीकडे सारखंच आकाश असताना ही पृथ्वी पडेल तरी कुठे? म्हणजे श्लोक कशासाठी लिहिला हे चौथ्या चरणात आहे. पृथ्वी सतत खाली पडते आहे असं म्हणणारे बौद्ध समोर आहेत, आणि हे त्यांना उत्तर आहे. प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला ओढते, अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ओढते, हे न्यूटनचं म्हणणं या श्लोकात नाही. असण्याचं कारणही नाही. प्रश्नच वेगळा होता. न वाचता अभिमान बाळगणारे आणि न वाचता हसणारे यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. दोघांनाही चौथा चरण नको असतो.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातही तीच गत. बी. ए. च्या मुलाला देकार्त विचारा. ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ हे वाक्य तो झोपेतही म्हणेल. हे वाक्य देकार्तच्या १६३७ च्या पुस्तकात आहे, १६४४ च्या पुस्तकात आहे. पण ज्या ‘चिंतनां’साठी तो वर्गात शिकवला जातो, त्या १६४१ च्या ग्रंथात या रूपात नाहीच! आणि त्या ग्रंथाची खरी गंमत गाईडमध्ये कधी येत नाही. देकार्तने छापण्याआधीच हस्तलिखित विरोधकांकडे पाठवलं. हॉब्ज, गॅसेंडी, आर्नो यांच्यासारख्यांचे आक्षेप घेतले, त्यांना उत्तरं लिहिली, आणि आक्षेप, उत्तरं सगळं त्याच पुस्तकात छापलं. पूर्वपक्ष-उत्तरपक्ष म्हणजे काय हे ज्याला आपल्या परंपरेतून ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला हे पुस्तक परकं वाटणार नाही. दि. य. देशपांडे यांनी ‘चिंतने’ मराठीत आणली आहेत. ती गाईडइतकी जाड नाहीत, हेही परीक्षार्थींना सांगून ठेवतो.

मूळ ग्रंथ वाचायचा म्हणजे आधी लॅटिन शिका, संस्कृत शिका, मग या, असं मी म्हणत नाही. भाषा येत असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर चांगला अनुवाद घ्या, पण वाचा ग्रंथकाराचा युक्तिवाद, त्याच्याविषयीचा निबंध नव्हे. पानं थोडी घ्या. आठवड्याला एक श्लोक किंवा एक परिच्छेद पुष्कळ झाला. तो कुणाला उत्तर देतोय हे शोधा, आणि मग त्या विरोधकाची बाजू स्वतः जोरात मांडून बघा. आपल्या टीकाकारांनी दुसरं काय केलं? चिंतामणीने वडिलांच्या ग्रंथावर लिहिताना हेच केलं, न्याय-मीमांसेची हत्यारं घेऊन. सुरुवातीला अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ उत्तम. सतराव्या शतकातला, इवलासा, आणि त्यावर दीपिका ही ग्रंथकाराची स्वतःचीच टीका.

‘सिद्धान्तसुंदर’ मात्र शतकानुशतकं मुख्यतः हस्तलिखितांतच राहिला. मराठी वाचकाला या घराण्याची ओळख शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी करून दिली, १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात. संस्कृतातून इंग्रजीत सटीप भाषांतर झालं ते तोके क्नुडसेन या परदेशी अभ्यासकाकडून, आणि ते अमेरिकेत २०१४ साली छापलं गेलं. क्नुडसेन यांचे आभारच मानले पाहिजेत. पण पाथरीत लिहिलेला युक्तिवाद पाथरीच्या मुलाला इंग्रजीतून वाचावा लागावा, हे काही मला बरं दिसत नाही.

म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या संस्कृतच्या आणि गणिताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. पाथरी, मानवत, सेलू, परभणी, कुठेही चालेल. दोघांनी मिळून बसा, एकाने श्लोक लावावा, दुसऱ्याने हिशेब, आणि तत्त्वज्ञानाचा एखादा विद्यार्थी भांडायला जवळ ठेवा. पृथ्वीच्या आधाराच्या वादापासून सुरुवात करा. जे मराठीत उतरेल ते वहीत नीट लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला ते तपासता येईल.