मुदत संपण्यापूर्वी



गिरगावच्या खोताच्या वाडीत नाताळचे तारे टांगण्याची लगबग सुरू असताना आणि दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये नाताळपूर्व आगमनकाळाची उपासना चालू असताना आपला हा पदवीदान समारंभ होत आहे. म्हणून त्या काळात वाचल्या जाणाऱ्या एका प्रसंगाचे स्मरण करण्याची मुभा मी घेतो. ज्याने जन्मभर येणाऱ्या तारणाऱ्याची वर्दी दिली, त्या बाप्तिस्मा देणाऱ्या योहानालाच कारागृहात शंका ग्रासते आणि तो शिष्यांकरवी येशूला विचारतो की, ज्याची वाट पाहिली तो तूच काय. त्यावर येशू ‘होय, तो मीच’ असे सरळ म्हणत नाही, तर आंधळे, पांगळे आणि दरिद्री ह्यांच्या वाट्याला काय आले ते पाहून जा आणि त्याला कळवा, असे सुचवतो. श्रद्धेला पडलेल्या प्रश्नाची साक्ष दयेच्या दप्तरात शोधावी, हे मला त्या प्रसंगाचे मर्म वाटते.

गिरगावला ही साक्ष परकी नाही. 11 मार्च 1889 रोजी पंडिता रमाबाईंनी चौपाटीनजीक शारदासदन हे विधवांसाठीचे निवासी विद्यालय उघडले. पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून ख्यात झालेल्या गोदूबाई तेथील आरंभीच्या विद्यार्थिनी. सदनाच्या खर्चाची हमी बॉस्टन येथील मंडळाने दिली होती, पण ती दहाच वर्षांची. सदन पुण्यास गेल्यावर तेथील विद्यार्थिनींच्या ख्रिस्ती धर्मान्तराचा वाद पेटला आणि 1893 साली रानडे व भांडारकर ह्यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार समितीतून बाहेर पडले. (त्या वादात सारी बाजू बाईंचीच खरी होती, असे म्हणण्याइतका मी त्यांचा भक्त नाही.) अशा रीतीने लोकाश्रय आटलेला, द्रव्याची मुदत संपत आलेली, आणि अशात 1896 चा दुष्काळ. जिने तरुणपणी आपले मातापिता दुष्काळातच गमावले होते, ती विदुषी पुढील तरतुदीची मंजुरी येईपर्यंत थांबली नाही; मध्यप्रांतात जाऊन तिने निराधार मुली आणल्या, आणि प्लेगच्या बंदोबस्तामुळे पुण्यात त्यांना ठेवणे अशक्य झाले तेव्हा केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय लावली. तेथेच मुक्तिसदन वाढले. ईश्वर पुरवील, असे त्या म्हणत. परंतु हे म्हणताना त्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली, मुलींना हातांची कामे शिकवली, हे त्यांचे चाहतेही कधीकधी विसरतात.

स्नातकहो, आजपासून तुमच्या नावापुढे पदवी लागेल, आणि नोकरी कायम झाल्यावर, घराचे हप्ते फिटल्यावर, मग परोपकार पाहू, हा हिशेब तुम्हांस शहाणपणाचा वाटू लागेल. तो तसा वाटणे स्वाभाविक आहे. गिरणी संपानंतरच्या लालबाग-परळात वाढलेल्यास सुरक्षिततेची ओढ कोणी शिकवावी लागत नाही. तरीही गरज तोवर थांबत नाही: परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर परगावचे रुग्ण आणि त्यांचे सोबती पदपथावर पथारी टाकून असतात. त्यांतल्या कित्येकांना मदतीचा अर्ज भरता येत नाही, खिडकीवर काय विचारावे ते कळत नाही, शिधापत्रिकेची प्रत कोठे काढावी हेही ठाऊक नसते. त्यांना एवढी मदत करण्यास निधी लागत नाही, समिती लागत नाही. मराठी व हिंदी लिहिता येणारा एक माणूस आणि सकाळचे दोन तास लागतात. नाताळला अजून अवधी आहे. पुढच्या आठवड्यात तुमच्यापैकी जे तेथे जाऊ शकतील, त्यांनी जावे, अशी माझी विनंती आहे.