शब्दांची मुळे आणि तुर्भ्याच्या पाट्या



तुर्भ्याच्या घाऊक बाजारापासून ट्रक टर्मिनलकडे जाताना ‘ट्रान्सपोर्ट’, ‘इम्पोर्ट’, ‘एक्स्पोर्ट’ हे शब्द असलेल्या पाट्या पावलोपावली दिसतात. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. तथापि पाटीवर रोज वाचलेले हे शब्द वर्गात मात्र अनेकदा सुटे सुटे घोकले जातात. वस्तुतः ते एकाच घरातील आहेत. लॅटिनमध्ये ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणे. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, ‘इन’ म्हणजे आत आणि ‘एक्स’ म्हणजे बाहेर. ‘इम्पोर्ट’मध्ये पुढील ‘प’मुळे ‘न’चा ‘म’ झाला आहे. संधी शिकलेल्या विद्यार्थ्यास याचे नवल वाटू नये.

ही रीत मराठी भाषकाला परकी नाही. ‘हृ’ या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द कसे होतात, हे व्याकरणाचे शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ‘या’ म्हणजे जाणे. त्यापासून ‘आयात’ व ‘निर्यात’. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाची स्थापना १९६० साली झाली. त्याने सिद्ध केलेल्या परिभाषेतील कितीतरी शब्द अशाच धातूंवर व उपसर्गांवर उभे आहेत. ‘ट्रान्सपोर्ट’ला ‘परिवहन’ म्हणताना मराठीनेही वाहण्याचाच धातू घेतला.

हे साम्य केवळ रीतीचे नाही. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे प्रतिपादन केले. संस्कृत ‘वह्’ आणि लॅटिन ‘वेहेरे’ हे धातू सख्खे नातलग. म्हणून ‘वाहन’ आणि ‘व्हेइकल’ यांचे मूळ एकच. ‘डेंटिस्ट’मध्येही ‘दंत’ स्पष्ट दिसतो.

काही शब्द मात्र समुद्रमार्गे आले. पोर्तुगिजांमार्फत मराठीत आलेला ‘पाव’ लॅटिन ‘पानिस’पासून झाला आहे. ‘कंपनी’ या शब्दातही तोच ‘पानिस’ दडलेला असून, एकत्र भाकर खाणारे सोबती हा त्याचा मूळ भाव होय. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखान्याच्या दाराशी वडापाव खाणाऱ्या कामगाराच्या हातातील शब्द आणि त्याच्या पाठीमागील पाटीवरचा शब्द असे एकाच मुळाचे आहेत!

या पद्धतीला मर्यादाही आहेत. ‘गो’, ‘कम’, ‘हाउस’ असे इंग्रजीतील नित्याचे लहान शब्द लॅटिनमधून आलेले नसून जर्मानिक कुळातील आहेत. ते वापरानेच अंगवळणी पडतात. शिवाय एका उपसर्गाचे अर्थ दोन असू शकतात. ‘इन’ म्हणजे आत, तसेच ‘इन’ म्हणजे नाही. ‘इनकरेक्ट’ म्हणजे बरोबर नसलेले, हे ठाऊक असलेला तरुण रसायनांच्या टँकरवर ‘इनफ्लेमेबल’ वाचून ‘न पेटणारे’ असा अर्थ लावील, तर ती चूक जिवावर बेतू शकते. येथील ‘इन’ नकाराचा नाही; मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थच पेटविणे असा आहे. म्हणून औद्योगिक वसाहतीत नोकरीस लागणाऱ्या मुलांना मुळांबरोबर शब्दकोश पाहण्याची सवयही शाळेतच लागली पाहिजे. हा घोटाळा खुद्द इंग्रजी भाषकांचाही होतो. त्यामुळे धोक्याच्या सूचनांत आता ‘इन’ गाळून केवळ ‘फ्लेमेबल’ असे लिहिण्याचा प्रघात पडला आहे.